कॅटेकिझमचं जाडजूड पुस्तक घेतलं, 2267 नंबरपाशी अडलो (4 स्टार)

मुलगी या वर्षी दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतरचा संस्कार, कन्फर्मेशन) क्लासला बसलीय, प्रत्येक गोष्ट फोनवर शोधते म्हणून म्हटलं कॅथलिक चर्चची शिकवण एका जागी असलेलं कॅटेकिझम घरात असू दे. ऑनलाइन मागवलं. इंग्लिश, 2865 परिच्छेद, उशाला घेता येईल इतकं जाड.

आधी चांगलं सांगते. प्रत्येक परिच्छेदाला नंबर आहे, मागची सूची भारी, आणि विषय संपला की 'थोडक्यात' म्हणून काही ओळी येतात, खरं सांगायचं तर मी तेवढंच वाचते. भाषा जड आहे, लहान पोरांच्या हातात देऊन मोकळं होता येत नाही, शेजारी बसावं लागतं.

आता तक्रार. आलेली प्रत जुन्या छपाईची निघाली, विकणाऱ्यानं तसं कुठे लिहिलं नव्हतं. मला कळलंही नसतं, पण क्लासमध्ये फाशीचा विषय निघाला आणि मुलगी एका हातात पुस्तक, एका हातात फोन घेऊन किचनमध्ये आली. पुस्तकात 2267 म्हणतं, लोकांचा जीव वाचवायला दुसरा उपायच नसेल तर चर्च फाशीला साफ नाही म्हणत नाही. फोनवर तोच नंबर म्हणतो, फाशी मान्य करताच येत नाही, तो माणसाच्या प्रतिष्ठेवर घाला आहे. पोप फ्रान्सिसनी 2018 ला बदललं ते. "मम्मी, मग आधी चुकीचं शिकवत होते का?" मी म्हटलं, फादरना विचार. बोलल्या बोलल्या कळलं की आपण पळ काढला.

रात्री दोघी बसलो. नवीन मजकुराची सुरुवातच कबुलीनं होते, की बराच काळ ही शिक्षा योग्य मानली जायची. आणि हाच परिच्छेद 1997 ला पण सुधारला होता, फाशीशिवाय दुसरा उपायच नाही अशी वेळ आता जवळजवळ येतच नाही हे तेव्हाच त्यात आलं होतं. म्हणजे एका रात्रीत पलटी नाही मारली, दार हळूहळू लोटत आणलं. मुलीला पटलं का? अर्धंच. म्हणे, मग आत्ता जे पक्कं म्हणून शिकवता तेही बदलेल. मी म्हटलं, येशू मेलेल्यांतून उठला हे नाही बदलणार, ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर, घेण्याआधी किती तास उपास ते बदलतं, आजीला विचार.

आजीच्या लहानपणी मध्यरात्रीपासून उपास असायचा, 1957 ला 3 तास झाले, 1964 ला 1 तास. हे सगळं सांगता सांगता आई भलतीकडेच गेली. माझ्या आधी तिला एक बाळ झालं होतं, बाप्तिस्म्याआधीच गेलं. तेव्हा कुणीतरी तिला सांगितलं की असं बाळ लिंबो नावाच्या वेगळ्याच जागी राहतं, स्वर्गात जात नाही, आणि ही बाई ते इतकी वर्षं मनात धरून बसली, मला एका शब्दानं बोलली नाही. लिंबो हा चर्चनं ठरवलेला सिद्धांत कधीच नव्हता, धर्मपंडितांचं मत होतं ते, पण मुलांना शिकवताना हा फरक कोण सांगतं हो? मुलीनं 1261 शोधून मोठ्यानं वाचलं, आजीला कळेल असं मराठीत करत करत. अशा बाळांना चर्च देवाच्या दयेवर सोपवतं, त्यांच्या तारणाची आशा ठेवता येते. लिंबोचं नावसुद्धा नाही त्यात. आईनं परत वाचायला लावलं. मग चष्मा काढून पदरानं पुसत बसली, बराच वेळ.

पुस्तकाला म्हणून 4 स्टार, कापलेला एक विकणाऱ्याचा. घ्यायचं असेल तर 2018 नंतरची छपाई आहे का ते आधी विचारा. मी परत पाठवणार होते, पण मुलीनं नवीन 2267 स्वतःच्या अक्षरात लिहून त्या पानावर चिकटवलंय, गोंद फक्त वरच्या कडेला, उचललं की खालचं जुनं वाचता येतं. आता विकणारा कशाला परत घेतोय.