डायलॉग इन द डार्क, हैदराबाद : आईला घेऊन गेले होते, तुम्हीही जा

२०१८ ला दिवाळीच्या सुट्टीत मावशीकडे हैदराबादला गेलो होतो तेव्हा इनऑर्बिट मॉलमधल्या डायलॉग इन द डार्कला, म्हणजे पूर्ण अंधारात अंध गाइडबरोबर फिरायच्या प्रदर्शनाला, आईला घेऊन गेले. चारमिनार, गोवळकोंडा, सालारजंग सगळं बघून झालं पण आई अजून बोलते ते या तासाभराबद्दलच, म्हणून लिहितेय.

आत मिट्ट काळोख. मोबाईल, घड्याळ बाहेर लॉकरमध्ये, हातात पांढरी काठी आणि पुढे फक्त गाइडचा आवाज, आणि गाइड स्वतः अंध. थोड्या वेळाने डोळे सरावतील असं वाटतं पण सरावतच नाहीत कारण उजेडाचा कणसुद्धा नसतो. बाग, बाजार, होडी असं एकेक येतं, पायाखालची जमीन बदलत जाते. होडीत चढताना माझे पाय लटपटायला लागले तेव्हा आमचा गाइड, पंचविशीतला मुलगा, शांतपणे म्हणाला, "दीदी, बायाँ हाथ दीजिए, मैं हूँ ना". रस्त्यात भेटला असता तर मी त्याला मनातल्या मनात बिचारा म्हटलं असतं, आणि इथे त्याच्याच हाताला घट्ट धरून मी उभी होते. ते आठवलं की अजून गलबलतं.

पण खरी मजा शेवटच्या कॅफेत. अंधारातच बसून गप्पा. आईने सरळ विचारलं, बाळा तुला स्वप्नात काय दिसतं? मला कसंतरी झालं, असं विचारतात का कुणाला! तो मात्र खूश झाला, म्हणाला लोक हेच विचारायला घाबरतात. जन्मापासून दिसत नाही म्हणून स्वप्नातही आवाज, वास, स्पर्शच असतात. मग नोटांचा विषय निघाला. नोटबंदीनंतरच्या पन्नासपासून पुढच्या नोटा सगळ्या सारख्याच रुंदीच्या, दोनशे आणि पाचशेच्या लांबीत फरक फक्त ४ मिलिमीटरचा, त्यामुळे बोटांनी ओळखणं अवघड झालंय. मी रोज त्याच नोटा हाताळते, कधी डोक्यातच आलं नव्हतं.

हे मूळचं जर्मनीतलं, १९८८ मध्ये आंद्रेआस हाइनेके यांनी सुरू केलं. रेडिओत काम करताना दृष्टी गेलेल्या एका तरुण पत्रकाराला शिकवायची जबाबदारी त्यांच्यावर आली, तिथून ही कल्पना निघाली.

आधी मी सिग्नलला अंध माणूस दिसला की दंड धरून पलीकडे न्यायचे, चांगलंच करतेय असं वाटायचं. अचानक कुणी असं ओढलं की काय वाटतं ते आत कळलं. परवा स्वारगेटला एका काकांना आधी विचारलं, मदत हवीय का? म्हणाले नको गं, मित्राची वाट बघतोय, पण बोल की, तो येईपर्यंत वेळच आहे.

जाणार असाल तर : हिंदी येत असेल तर भाषेची अडचण नाही, आम्हाला सगळं हिंदीतच सांगितलं. बंद जागेत घाबरायला होत असेल तर आत जायच्या आधीच सांगून ठेवा. आणि कॅफेतून लवकर उठू नका, जे विचारावंसं वाटतं ते विचारा.