लाँग बूट की जोधपुरी बूट आणि चॅप्स? वाढत्या वयाच्या घोडेस्वारासाठी

मुलांची दुडकीवर मांड पक्की झाली, घोडा जमिनीवरच्या दांड्या आणि मग छोट्या उड्या पार करायला लागला, की प्रशिक्षक कधीतरी म्हणतात, "यंदा हिला स्पर्धेला उतरवू या." मग घरात सामानाची यादी होते आणि ती हमखास बुटांपाशी अडते. कोटाचं माप शिंपी घेतो, हेल्मेटच्या बाबतीत घासाघीस करायची नसते. पण बूट महाग असतात, मापाला अवघड असतात आणि मुलांचे पाय वाढत असतात. पर्याय दोन. गुडघ्यापर्यंतचे चामड्याचे लाँग बूट, नाहीतर घोट्यापर्यंतचे जोधपुरी बूट आणि वर पोटरीला चढवायचे हाफ चॅप्स.

आमच्या मुलीनं दोन्ही वापरलेत. लाँग बूट क्लबमधल्या एका मोठ्या मुलीचे, तिला लहान झालेले, एका हंगामासाठी मिळाले होते. जोधपुरी बूट आणि चॅप्स आम्ही त्यानंतर घेतले. आम्ही छत्रपती संभाजीनगरला राहतो. परभणी, लातूर, नांदेडकडच्या पालकांची परिस्थिती साधारण आमच्यासारखीच असते. सराव इथल्या मातीत, स्पर्धा पुण्या-मुंबईला, आणि सामान बिघडलं तर दुरुस्ती ज्याला जमेल त्याच्याकडून. पुढचं सगळं या परिस्थितीला धरून आहे. पुण्यात राहणाऱ्यांचा हिशेब थोडा वेगळा असू शकतो.

२०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघानं ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली नेटकेपणानं करून घ्यायच्या प्रकारातलं, सुवर्ण जिंकलं. १९८२ च्या दिल्लीनंतर घोडेस्वारीतलं ते पहिलं सुवर्ण. त्या वेळचे फोटो पाहून कितीतरी मुलांना हा खेळ करावासा वाटला, आमच्याही घरात त्याचा मोठा वाटा आहे. त्या फोटोंमधले लांब, चकचकीत काळे बूट मुलांच्या डोळ्यांत भरतात आणि 'अगदी तसेच' हवे असतात. पण ते घालणाऱ्यांचे पाय वाढायचे थांबलेले आहेत. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी निवड करताना हे लक्षात ठेवलं की अर्धा गोंधळ मिटतो.

लाँग बुटांची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. पायाची गुडघ्यापासून टाचेपर्यंत एकच सलग रेष दिसते. ड्रेसाजमध्ये जज पायाच्या हालचालीकडे बारकाईनं बघत असतात, तिथं ही रेष नीटस दिसते. पोटरीभोवती चामडं ताठ असल्यानं पाय कमी हलतो, रिकिबीचा पट्टा नडगीला चावत नाही. ते बूट घातले की आमची मुलगी आपोआप ताठ बसायची. प्रशिक्षकांनाही ते जाणवलं होतं. स्पर्धेच्या दिवशी मुलाला आपण खरे स्वार आहोत असं वाटणं ही छोटी गोष्ट नाही, आणि ती भावना लाँग बूट जास्त देतात, हे मला मान्य आहे.

मापाचं गणित मात्र तिथंच अवघड होतं. लाँग बुटाला तीन मापं लागतात, पावलाचं, पोटरीच्या घेराचं आणि गुडघ्याखालच्या उंचीचं. ही तिन्ही मुलांमध्ये एका वेगानं वाढत नाहीत. कधी पाऊल सहा महिन्यांत एक नंबर पुढं जातं आणि पोटरी तशीच राहते, कधी उंची एकदम सुटते. तिन्हींपैकी एक माप चुकलं की अख्खा बूट गेला. शिवाय चामड्याचा नवा लाँग बूट थोडा उंचच घ्यावा लागतो, कारण घोट्याशी वळ्या पडल्या की तो खाली बसतो. तोवर वरची कड गुडघ्यामागं घासते, तिथली कातडी सोलवटते. मोठा माणूस ते सोसतो, कारण पुढं तो बूट वर्षानुवर्षं चालणार असतो. मुलाच्या बाबतीत बूट नेमका खाली बसेपर्यंत पाय वर गेलेला असतो.

एवढं असूनही मी कदाचित लाँग बूटच घेतले असते. माझा निर्णय फिरवला तो चेननं.

लाँग बुटाची चेन बहुतेक मागून, टाचेपासून थेट गुडघ्याच्या मागं जाते. वाटेत तिला दोन जागी त्रास होतो. घोट्यापाशी, जिथं पाय सतत दुमडतो आणि चेनही दुमडते. आणि पोटरीच्या सर्वांत जाड भागावर, जिथं ती सगळ्यात जास्त ताणलेली असते. आता यात आपली माती मिसळा. आमच्या रिंगणात रेती कमी, माती जास्त. मोठ्या शहरांतल्या रिंगणांवर धूळ बसावी म्हणून पाणी मारतात. आपल्याकडं मार्च उजाडला की गावोगावी प्यायच्या पाण्याचे टँकर सुरू होतात. रिंगणावर पाणी मारा, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? त्यामुळं घोडी दुडकीला लागली की फुफाटा उठतो. काळ्या मातीची ती पिठासारखी धूळ, त्यात पोटरीचा घाम, आणि दोन्हींचा गारा चेनच्या दातांत जाऊन वाळतो. रोज कोरड्या टूथब्रशनं दात झाडायचे, आठवड्याला मेणबत्ती घासायची, हे सगळं आम्ही करत होतो. त्यानं चेन चालायची, पण अडतअडत.

पुण्याच्या एका स्पर्धेत मुलीचा नंबर यायला थोडा वेळ होता. सकाळपासून उभं राहून, ऊन लागून पोटरी किंचित सुजली होती, तशी ती बहुतेक मुलांची सुजते. चेन वरपर्यंत नीट लागली. मुलगी वॉर्मअपला गेली, खाली टाच दाबली आणि मधल्या मधे दात सुटले. वरचं बटण लागलेलं, खाली घोट्यापाशी बंद, मधे पोटरी उघडी. प्रशिक्षकांनी वायरिंगला लावतात ती काळी चिकटपट्टी काढली, बुटाभोवती गच्च गुंडाळली आणि तिला रिंगणात पाठवलं. तिनं राउंड चांगला केला. पण तिचं निम्मं लक्ष पायाकडं होतं हे बाहेरून दिसत होतं, आणि उतरल्यावर तिनं पहिल्यांदा तेच सांगितलं.

घरी आल्यावर दुरुस्तीचा प्रश्न आला. चप्पल-बूट शिवणाऱ्यांनी बूट उलटासुलटा करून पाहिला. "वरचं बसवून देतो साहेब, पण खाली मशीनचा पाय जाईना. मागची अख्खी शिवण उसवावी लागतेय." त्यांचं बरोबर होतं. लाँग बूट म्हणजे खाली बंद असलेली नळी, घोट्याजवळ शिलाईचं मशीन आत शिरत नाही. ते काम हातानं करावं लागतं किंवा बूट बनवणाऱ्याकडं परत पाठवावा लागतो, आणि भर हंगामात त्यात आठवडे जातात.

हाफ चॅप्सची चेन पोटरीच्या बाहेरच्या अंगाला असते, सरळ रेषेत, घोट्याच्या वळणाशी तिचा फारसा संबंध येत नाही. तीही मातीनं अडते, पुढं आमचीही एक अडली. पण चॅप पूर्ण उघडला की तो चामड्याचा सपाट तुकडा होतो. पैठण गेटकडं बॅगांच्या चेन बदलणाऱ्यांनी संध्याकाळी घेतला आणि दुसऱ्या दिवशी नवी चेन लावून दिला. कोणत्याही तालुक्याच्या गावात बॅग शिवणारा माणूस हे करू शकेल. आणि समजा स्पर्धेच्या दिवशीच चेन गेली, तर चॅप काढून ठेवता येतो, खाली बूट शाबूत असतो. माझ्यासाठी निवाडा इथं झाला. इतरांना तो दिसण्यावर किंवा मापावर करावासा वाटेल, तेही चुकीचं नाही.

चॅप्समध्ये उणिवा नाहीत असं नाही. तळव्याखालून जाणारा इलॅस्टिकचा पट्टा फरशीवर चालून लवकर झिजतो, त्यामुळं घोड्यावरून उतरल्यावर चॅप्स काढायची सवय लावावी लागते. घेर जरा सैल पडला तर चॅप पायावर फिरतो आणि चेन नडगीवर येते. बूट आणि चॅप यांच्या काळ्या रंगात थोडा फरक राहतो, पॉलिश करूनही तो जवळून कळतो. रेक्झिनचे चॅप्स स्वस्त मिळतात, पण आपल्याकडच्या उन्हात त्यांचे पापुद्रे निघतात. ते सरावालाही घेऊ नका असं मी म्हणेन. मऊ, खरबरीत स्वेड चामड्याचे सरावाला उत्तम, पण स्पर्धेला गुळगुळीत चामड्याचे आणि बुटाच्याच रंगाचे हवेत. तसे असतील तर मुलांच्या गटात ते सहसा चालतात. तरी त्या स्पर्धेचं नियमपत्रक आणि प्रशिक्षक, दोघांना एकदा विचारून घ्यावं, कारण ड्रेसाज आणि उड्या यांत पोशाखाचे बारकावे वेगळे असतात.

रबराचे लाँग बूटही मिळतात. थंड, ओल्या देशांत त्यांचा उपयोग असेल. मराठवाड्यात तासाभरात आत पाणी साचल्यासारखं होतं. स्पोर्ट शूजवर मात्र घोड्यावर बसवू नका. बुटाला साधारण इंचभर टाच हवीच, नाहीतर पाऊल रिकिबीतून पलीकडं सरकतं आणि पडताना अडकतं. रिकीबही बुटापेक्षा साधारण अडीच सेंटिमीटर रुंद हवी. बूट बदलले की हे पुन्हा तपासायचं.

आठ-नऊ वर्षांच्या अगदी लहान मुलांना चॅप्सही लगेच लागत नाहीत. घोट्यापर्यंतची जोधपुरी पँट आणि आखूड बूट एवढ्यावर पहिला हंगाम निघतो. जोधपूरचे सर प्रताप सिंह १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाला इंग्लंडला गेले आणि त्यांच्या पोलो संघाच्या या पँटी तिकडं रूढ झाल्या. तो पोशाख उन्हाच्या मुलखात घडलेला आहे आणि आपल्याकडं तो अंगाला सुखाचा वाटतो. चॅप्स किंवा लाँग बूट घालायचे असतील तर मात्र पोटरीवर चपट बसणारी ब्रीचेस, म्हणजे घोडेस्वारीची तंग पँट घ्या, जोधपुरीची जाड शिवण आत टोचते. पांढरी ब्रीचेस नंबर येईपर्यंत ट्रॅक पँटखाली ठेवायची, एवढं केलं तरी डाग वाचतात.

हेल्मेटची तुलना करत नाही. घोडेस्वारीचंच, नवं, आत व्हीजी १, पीएएस ०१५ किंवा एएसटीएम एफ ११६३ असं मानक छापलेलं. सायकलचं किंवा क्रिकेटचं चालत नाही, कुणाचं वापरलेलं तर नकोच, कारण आतला थर एकदा दबला तर बाहेरून दिसत नाही. जोराची पडझड झाली की बदलायचं. आंतरराष्ट्रीय महासंघानं २०२१ पासून ड्रेसाजमधली जुनी उंच टोपीसुद्धा बंद करून सगळ्यांना हेल्मेट सक्तीचं केलं. बुटांत वाचलेले पैसे मी इथं आणि छाती-पाठीच्या संरक्षक जाकिटात घालायला सांगेन.

मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेला जाणार असाल तर खरारा (घोडा घासायचा), तोबरा (तोंडाला बांधायची चंदीची पिशवी), दोरखंड तिथून जरूर घ्या. आमच्याकडं घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांना तिथल्या खराऱ्याशिवाय दुसरा चालत नाही. लगाम मात्र पारखून घ्या. तोंडात टोचणारे काटेरी लगाम तिथंही दिसतात. १९६५ च्या केंद्रीय नियमांनी त्यांच्या वापराला मनाई आहे, आणि मनाई नसती तरी मुलाच्या कच्च्या हातात तसा लगाम देणं घोड्यावर अन्याय आहे.

बूट-चॅप्स मागवायचे तर कानपूरचा माल बघा. घोड्याच्या चामडी सामानाचा तिथं मोठा उद्योग आहे, बाहेर देशी जाणारा मालही तिथं बनतो. पोटरीचं माप दुपारनंतर घ्या, मूल खुर्चीवर बसलेलं, गुडघा काटकोनात, अंगात ब्रीचेस. घेर सर्वांत जाड जागी मोजायचा, उंची आखूड बूट घालून जमिनीपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत. चॅप नवा असताना लावायला थोडं झुंजावं लागलं तर तो बरोबर आहे. सहज लागला तर महिन्याभरात सैल होईल. आणि जोधपुरी बूट बाजूला इलॅस्टिक असलेले घ्या, पुढं चेन असलेले नको, तिथंही तीच माती जाते.

मूल पंधरा-सोळाचं झालं असेल, वर्षभरात बुटाचा नंबर बदललेला नसेल आणि ड्रेसाजकडं कल असेल, तर लाँग बुटांचा विचार आनंदानं करा. आमच्याकडंही तो दिवस येईल. तेव्हा विकणाऱ्याला मी दोन गोष्टी आधी विचारणार आहे: पोटरीचा घेर आणि उंची वेगवेगळी निवडता येते का, आणि चेन गेली तर ती कोण बदलून देणार, किती दिवसांत.