जॉर्जियातल्या काखेती प्रांतात एका घरात राहून इंग्रजी शिकवणं: पाचपैकी चार

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांचं काम होईल. माणसं आणि जेवण उत्तम. खोली जेमतेम. ज्या वेबसाइटवरून हे घर मिळालं तिचा कारभार ढिसाळ, एक तारा तिच्यापायी कापलाय.

मी सांगली जिल्ह्यातल्या तासगावची. हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. मुलगा शारजात असतो, त्यामुळे माझ्याकडे तिथलं रेसिडेन्सी कार्ड आहे आणि ते असलं की जॉर्जियाला जायला वेगळा व्हिसा लागत नाही. (नियम बदलत राहतात, तिकीट काढण्याआधी बघून घ्या.) विमानाचा प्रवास तीन-साडेतीन तासांचा. राजधानी तिबिलिसीहून काखेतीतल्या तेलावी गावाकडे मार्शुत्का जातात. मार्शुत्का म्हणजे आपलं वडापच, फक्त गाडी जरा मोठी आणि भरल्याशिवाय हलायचं नाही हा नियम तोच. गोम्बोरीचा घाट उतरलं की अलाझानी नदीचं खोरं पसरलेलं दिसतं आणि पलीकडे कॉकेशसचे डोंगर. खोऱ्यात बघावं तिकडे द्राक्षं. तासगावकरणीला द्राक्षांचं काय कौतुक, असं कुणी म्हणेल. पण आपला सगळा जीव थॉमसन आणि सोनाकात, बी नको, साल पातळ हवी. इथे बियांची रकात्सितेली आणि गरापर्यंत लाल असलेली सापेरावी, आणि सगळा माल वाइनला.

घर तेलावीजवळच्या एका खेड्यात. दुमजली, लाकडी गॅलरी, अंगणावर वेलीचा मांडव. तळघरात क्वेव्री, म्हणजे गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले मातीचे भलेमोठे रांजण. त्यात रस सालीसकट ओतून झाकण लिंपून ठेवतात. या पद्धतीला 2013 साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, हे यजमानांनी मला पहिल्याच संध्याकाळी मुलीकडून भाषांतर करवून ऐकवलं. घरात नवराबायको, दोन मुलं आणि आजी.

ठरलेलं असं होतं: पगार नाही, मी त्यांना पैसे द्यायचे नाहीत, राहणं-जेवण त्यांचं, रोज दोन तास मुलांना इंग्रजी मी शिकवायचं, आठवड्यात दोन दिवस सुट्टी. प्रत्यक्षात काही दिवसांतच अंगणात चुलत, मावस, शेजारपाजारची अशी सगळी पोरं जमायला लागली. मला गर्दीचं काही वाटत नाही, पन्नास-साठच्या वर्गांवर आयुष्य गेलंय. पण पंचविशीतली एखादी मुलगी फिरायचं मनात ठेवून इथे आली तर वैतागेल. तेव्हा किती मुलं, किती वाजता, सुट्टीचे वार कोणते, हे येण्याआधी लेखी घ्या. घरच्यांना त्याचा राग येत नाही, त्यांनाही तेवढंच बरं पडतं.

वेबसाइटवर बहुतेक घरं 'नेटिव्ह स्पीकर हवा' असं लिहितात. या घरानेही लिहिलं होतं, आणि व्हिडिओ कॉलवर बाईंचा चेहरा जरा उतरलेला मला दिसला होता. यावर माझं मत ठाम आहे: नेटिव्ह स्पीकरच हवा असं काही नाही. जॉर्जियन भाषेत लिंगभेद नाही, 'तो' आणि 'ती' यांना एकच सर्वनाम. त्यामुळे मुलं इंग्रजीत आईला 'ही' (he) म्हणतात आणि बापाला 'शी' (she), आणि कितीही रागावलात तरी पुन्हा तेच. 'अ' आणि 'द' ही आर्टिकल्स त्यांच्या भाषेत नाहीत, आपल्याही नाहीत. व्ही आणि डब्ल्यूचा घोळ तर दोन्हीकडे सारखाच. मुलं कुठे अडखळणार हे मला आधीच माहीत असतं, कारण तासगावची पोरं तिथेच अडखळत. जन्मजात इंग्रजी बोलणाऱ्याला हे खड्डे दिसतच नाहीत. मोठी मुलगी विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करत होती. देशभर एकच परीक्षा असते आणि तीत परदेशी भाषा सक्तीची. तिला उच्चारांपेक्षा निबंधाची धास्ती होती, आणि निबंध तपासणं हे माझं घरचंच काम.

'जॉर्जियात आता इंग्रजी सगळीकडे चालतं' या समजात कुणी राहू नका. पन्नाशीच्या पुढच्यांची दुसरी भाषा रशियन. 2010 मध्ये सरकारनेच परदेशी शिक्षक आणून खेड्यापाड्यांतल्या घरांत ठेवायला सुरुवात केली होती, ती रशियनची जागा इंग्रजीला द्यायची म्हणून. आजी आणि मी हातवाऱ्यांवर चालवलं. पण इंडिया म्हटल्याबरोबर त्यांनी छातीवर क्रूस काढला आणि म्हणाल्या, 'गोवा!' काखेतीची राणी केतेवान हिला 1624 मध्ये शिराझला हाल करून मारलं आणि तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टिनियन साधूंनी गोव्यात नेला. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चमध्ये तो सापडला, डीएनए तपासणी हैदराबादला झाली आणि 2021 मध्ये भारताने त्या अस्थी जॉर्जियाला दिल्या. आजींना हे सगळं तोंडपाठ. मी सांगलीची, गोव्याची नव्हे, हे समजावायचा नाद मी लवकरच सोडला. गावात बाकीच्यांची समजूत वेगळीच. तिबिलिसीत डॉक्टरकी शिकणारी आपली मुलं इतकी आहेत, की मी कुणातरी विद्यार्थ्याची आई आहे असंच सगळे धरून चालत.

जेवणाबद्दल शाकाहारी लोक विचारतील म्हणून सविस्तर. मी ऑगस्टच्या मध्यावर पोचले, तेव्हा मरियमोबा या मेरीमातेच्या सणाआधीचा उपास सुरू होता. तो सण 28 ऑगस्टला, आणि त्याआधीचे दोन आठवडे भाविक घरांत मांस, दूध, अंडी, सगळं बंद. मातीच्या भांड्यात शिजवलेल्या राजम्याचा लोबिओ, मक्याची जाड भाकरी, अक्रोडाचं वाटण भरलेली वांग्याची गुंडाळी. त्या वाटणात मेथीच्याच जातीची एक निळ्या फुलांची मेथी असते आणि चक्क वाळवलेल्या झेंडूच्या पाकळ्या. आंबट आलुबुखारांची त्केमाली तर मी बाटली भरून शारजाला आणली. उपास सुटल्यावर मात्र द्राक्षवेलीच्या काड्यांच्या निखाऱ्यावर डुकराचं मांस भाजायला लागले, आणि मी पुन्हा लोबिओ आणि चीज भरलेल्या खाचापुरीवर. खाचापुरी चविष्ट, पण रोज दोन वेळा झेपत नाही. 'मांस खात नाही' एवढं सांगून पुरत नाही. कोंबडी, मासे, रस्सा, एकेकाचं नाव घेऊन सांगा.

दारूची भीती घेऊन जाऊ नका. मेजवानीत तमादा नावाचा म्होरक्या एकेक विषय काढून बोलतो, गेलेल्यांसाठी, मुलांसाठी, पाहुण्यांसाठी, आणि प्रत्येक भाषणाला ग्लास रिकामा. ही भाषणं लांबतात, आपल्याकडच्या सत्कार समारंभांना लाजवतील. मी हिरव्यागार तारखुना सरबतावर सगळी निभावली, बायकांना कुणी आग्रह करत नाही. पुरुषांना करतात. यजमानांच्या मेव्हण्याला विचारा.

आता खोली. माझ्या खोलीतूनच मागच्या गॅलरीत जायची वाट होती आणि धुणं वाळत घालायची जागा तीच. दार वाजवायची पद्धत नाही. वेबसाइटवर 'स्वतंत्र खोली' असं लिहिलेलं. मी त्यांना फोटो पाठवून विचारलं, तर उत्तर मी शारजाला परतल्यावर आलं, तेही 'आपला अनुभव कसा होता' अशा मथळ्याचं. वर्गणी मात्र आगाऊ घेतात. घरातल्या बाईंना खुणेने सांगितल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी दोरी हलवली.

सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर द्राक्षतोडणीच्या दिवसांत शिकवणीचं वेळापत्रक विसरा. शाळा महिन्याच्या मध्यावर उघडते, पण बागेत माल असेपर्यंत मुलं बागेतच. मीही कात्री घेऊन गेले आणि 'कट', 'कॅरी', 'फुल', 'एम्प्टी' तिथेच घेतलं. थंडीत जाणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर विचारावी: लाकडाची शेगडी कुठल्या खोलीत पेटते. खेड्यातल्या बऱ्याच घरांत ती एकाच खोलीत असते, आणि सगळं घर तिथेच बसतं, टीव्ही आणि शिकवणीसकट.