दोघांच्या रजेला गाडी कोणती? ड्रायव्हरसकट कॅरव्हॅन की आपली ईको?

बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या 25व्या अध्यायात सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायला सांगितलंय. आमच्या नगरकडे त्याला ‘रान पड टाकणं’ म्हणतात. बावीस वर्षं शिकवून झाल्यावर मी कॉलेजकडे एका सत्राची रजा मागितली. अर्जात सब्बॅटिकल लिहिलं, घरी मात्र ‘पड’ हाच शब्द रुळला. बायको मिशन हॉस्पिटलात नर्स आहे. तिने साठलेली रजा काढली, वर थोडी बिनपगारी जोडली, आणि आम्ही दक्षिणेकडे निघालो. ख्रिस्ती आश्रम बघायचे, डोंगर आणि नद्या जमतील तितक्या, मुक्काम शक्यतो गाडीतच.

हे आम्ही दोन्ही तऱ्हांनी केलं. जानेवारीत दहा दिवस बंगळूरहून भाड्याची मोठी कॅरव्हॅन, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, घेतली. घरी परतल्यावर आमच्याच नऊ वर्षं जुन्या मारुती ईको व्हॅनमध्ये प्लाय आणि गादी टाकली आणि पुढचे दहा आठवडे तिच्यातून फिरलो. गेल्या वर्षभरात आमच्या चर्चमधल्या तीन जोडप्यांनी ‘कोणती बरी?’ असं विचारलं. तोंडी सांगताना मी दर वेळी काहीतरी विसरतो, म्हणून एकदा लिहून काढतो.

मोठ्या गाडीची बाजू आधी, कारण ती खरंच भक्कम आहे. ताठ उभं राहता येतं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला पॅन्ट बदलताना हे किती मोठं सुख आहे, ते ईकोत वाकून बदलल्यावरच कळतं. संडास आतच. बायकोच्या हिशेबात हा एकच मुद्दा बाकी दहा मुद्द्यांना पुरून उरतो, आणि मी तिच्याशी वाद घालणार नाही. फ्रिजमध्ये दही राहतं. बाहेर पाऊस असला तरी आत बसून चहा होतो. केरळ सरकारने 2021 मध्ये कॅरव्हॅनसाठी वेगळं धोरण आणलं आणि त्यातला पहिला कॅरव्हॅन पार्क वागमोन या डोंगरातल्या थंड हवेच्या गावी झाला. तिथे वीज, पाणी, मैला काढायची सोय असं सगळं असतं. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही असं धोरण काढलं, पण आमचा अनुभव तिकडचा आहे, इकडचं बोलत नाही.

ईकोची बाजू याच्या शेजारी ठेवली तर गरीब दिसते. बारा एमएमचा प्लाय, तीन तुकडे बिजागऱ्यांनी जोडलेले, त्यावर फोमची गादी. गाडीला एकही भोक पाडलं नाही, कारण पक्के बदल केले की आरटीओचं प्रकरण सुरू होतं. माझी उंची साडेपाच फूट. तिरपं झोपलं तर पाय मावतात, आणि मी तिरपा झोपलो की बायकोला कोपरा उरतो. स्वयंपाक बाहेर, डिकीचं दार वर करून त्याच्या आडोशाला, पाच किलोच्या सिलिंडरवर. वारा आला की शेगडीभोवती पत्र्याचा डबा धरून उभं राहायचं. तूरडाळीचा डबा हवा असेल तर आधी गादीची घडी, मग कपड्यांच्या दोन बॅगा, मग पाण्याचा कॅन. पहिल्या आठवड्यात डाळ नेमकी तळाशीच असायची.

पैशाचं एका वाक्यात सांगतो. कॅरव्हॅनच्या दहा दिवसांच्या भाड्यात ईकोची सगळी तयारी आणि दहा आठवड्यांचं पेट्रोल बसलं, वर थोडे उरले.

तरीसुद्धा निवाडा पैशावर झाला नाही, संडासावरही नाही. झाला तो ड्रायव्हरवर.

आपल्याकडे मोठी कॅरव्हॅन भाड्याने घेतली की बहुतेक ठिकाणी ड्रायव्हर सोबत येतो, आमच्याबरोबरही आला. हे आम्हाला ठाऊक होतं, आणि उलट बरंच वाटलं होतं. घाटात आपल्याला कशाला ताप? हे ड्रायव्हरदादा माणूस म्हणून सोन्यासारखे. हिंदी कामापुरती, पण हसरे. चेकपोस्ट आला की कागदांची फाइल घेऊन स्वतः उतरायचे. म्हैसूरहून वायनाडला जाताना बंदीपूरचा रस्ता रात्री नऊला बंद होतो, सकाळी सहापर्यंत जंगल जनावरांचं. आम्ही गुंडलुपेटला चहात रेंगाळलो तर ते दुरूनच घड्याळ दाखवायचे, तोंडाने एक शब्द नाही. त्या रस्त्यावर संध्याकाळच्या उन्हात हत्तीण आणि पिल्लू दिसलं तेव्हा, थांबायला मनाई म्हणून, त्यांनी गाडी अगदी हलक्या हाताने पुढे सरकत ठेवली. असा माणूस.

आणि तीच अडचण झाली. रात्री ते पुढे केबिनमध्ये आडवे व्हायचे, आम्ही मागे, मधे एक पडदा. आमची रोजची सवय अशी की झोपण्याआधी ‘उपासना संगीत’ या आमच्या भक्तिगीतांच्या पुस्तकातलं एक गीत, एक स्तोत्र आणि प्रार्थना. पहिल्या रात्री आम्ही गीत सुरू केलं तसा पडद्यापलीकडचा मोबाईल बंद झाला. दादा कसलासा कार्यक्रम बघत होते, तो त्यांनी आमच्यासाठी थांबवला. आम्ही आमेन म्हणेपर्यंत ते अंधारात गप्प बसून राहिले. खोकला आला तोही त्यांनी गिळला, आम्हाला ऐकू आला. दुसऱ्या रात्री आम्ही कडवी दोनच म्हटली. चौथ्या रात्री नुसती प्रार्थना, तीही कुजबुजत. दिवसभर स्टिअरिंग ओढलेल्या माणसाला आपल्या भक्तीसाठी ताटकळत ठेवायचं, हे आम्हा दोघांनाही जमेना, आणि ‘तुम्ही बघा हो खुशाल’ असं सांगूनही ते ऐकेनात.

सगळ्यात मोठी चुटपुट वागमोनची. तिथे कुरिसुमला आश्रम आहे. 1958 मध्ये बेल्जियमचे फ्रान्सिस आचार्य आणि इंग्लंडचे बीड ग्रिफिथ्स यांनी उभा केलेला. कुरिसुमला म्हणजे क्रुसाचा डोंगर. गवताळ टेकड्या, गोठा, भगव्या वस्त्रांतले मठवासी, जमिनीवर बसून उपासना. पहाटेची प्रार्थना उजाडायच्या पुष्कळ आधी असते, आणि आम्हाला हवी होती ती तीच. पण आमचा मुक्काम पार्कमध्ये. आश्रमापर्यंत जायचं तर तीन वाजता दादांना उठवावं लागणार, आणि तो माणूस आदल्या दिवशी एराट्टुपेट्टाचा घाट ती धूड गाडी घेऊन चढलेला. बायकोने गजर लावला, मग पडद्याकडे बघितलं आणि बंद केला. सकाळी नऊला आम्ही आश्रमात पोचलो. गोठा पाहिला, दूध प्यायलो, परत आलो. ठीक होतं.

आणखी एक गोष्ट, जरा खाजगी, पण निर्णय घेणाऱ्याने ती ऐकावीच. त्या दहा दिवसांत आम्ही एकदाही भांडलो नाही. ऐकायला हे छान वाटतं. पण इतक्या वर्षांनी दोघंच निघता तेव्हा काहीतरी बोलायचं राहिलेलं असतं, आणि ते गोड बोलून निघत नाही. तिसऱ्या माणसासमोर नवरा-बायको जपून बोलतात. आम्ही दहा दिवस पाहुण्यांसमोर बोलावं तसं बोललो.

फेब्रुवारीत ईको घेऊन निघालो. गोव्यात राशोलला थांबलो. फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण तिथे 1616 मध्ये छापलं गेलं, जवळपास अकरा हजार ओव्या, मराठीत. मराठी ख्रिस्ती माणसाने एकदा तिथे जावंच. मग किनाऱ्याने खाली. केरळातलं मारामोनचं अधिवेशन गाठलं. मार थोमा ही तिकडची ख्रिस्ती मंडळी 1896 पासून दर वर्षी पंपा नदीच्या पात्रात ते भरवते. वाळूत झावळ्यांचा भलामोठा मांडव, खाली माणूसच माणूस. मला पंढरपूरचं वाळवंट आठवलं. गल्ल्या इतक्या भरलेल्या की मोठी गाडी आणली असती तर तिला कुठेतरी लांब ठेवून रिक्षा शोधावी लागली असती. ईको एका घराच्या अंगणात, रबराच्या झाडांखाली मावली. घरच्या आजींना आमचं काहीच समजलं नाही, तरी सकाळी पुट्टू आणि कडला, म्हणजे तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ आणि हरभऱ्याची उसळ, ताटात आलं. न्हाणीघरही त्यांचंच. ईकोत संडास नाही याचा एक फायदा असा की रोज कुणाचं तरी दार वाजवावं लागतं. तिकडे चर्चच्या आवारात अच्चनना, म्हणजे तिथल्या फादरना, विचारलं तर नकार आम्हाला एकदाच मिळाला.

त्याच मुक्कामात आमचं भांडण झालं. सुरुवात अर्थात डाळीच्या डब्यावरून. मग गाडी तिच्या वडिलांवर आली. ते संगमनेरला वारले तेव्हा मी परीक्षेच्या ड्यूटीवर होतो आणि माती द्यायच्या वेळी जेमतेम पोचलो होतो. दोन वर्षं ती याबद्दल अक्षर बोलली नव्हती. त्या रात्री बोलली, काचा वर करून, चांगल्या चढ्या आवाजात. पडदा नव्हता, खोकला गिळणारं कुणी नव्हतं. प्रार्थनेला बसलो तेव्हा साडेबारा वाजले होते. गीत पूर्ण म्हटलं, चारही कडवी.

पुढे पुन्हा वागमोन. या वेळी आधी पत्र लिहून आश्रमाची पाहुण्यांची खोली मागितली होती. तीन वाजता उठलो, अंगावर शाल, हातात बॅटरी. धुकं इतकं की अंगणातली आपलीच गाडी दिसेना. आत समई, गार फरशी, आणि एकही शब्द न कळणाऱ्या मल्याळम प्रार्थना. बायको तासभर डोळे मिटून बसली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, “आता तुमची पड सुरू झाली.”

तिथून कुमळी, थेनी, मदुराई करत तमिळनाडूत कावेरीकाठी शांतिवनमला गेलो. दोन फ्रेंच धर्मगुरूंनी 1950 मध्ये सुरू केलेला आश्रम, प्रार्थनामंदिराला गोपुर, प्रार्थनेत संस्कृत भजनं आणि आरती. सकाळी कपाळाला चंदन, दुपारी कुंकू, संध्याकाळी भस्म. आमच्या आईने हे पाहिलं असतं तर चार दिवस बोलली नसती. मला मात्र ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये काढलेला ‘देवाचा दरबार’ हा देशी वळणाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा आठवला, आणि टाळ घेऊन अभंग म्हणणारे आमच्याकडचे जुने ख्रिस्ती कीर्तनकार. मी चंदन लावून घेतलं, कुंकवाला अडखळलो. बायकोने तिन्ही घेतलं. वेळांकण्णीला, मरियामातेच्या तीर्थाला, गर्दी फार, एका दिवसात निघालो.

आता ज्यांना ठरवायचंय त्यांच्यासाठी. गुडघे बोलत असतील, पोटाचा काही त्रास असेल किंवा सोबत म्हातारं माणूस असेल तर मोठीच घ्या, दुसरा विचार करू नका. आठ-दहा दिवसच हाताशी असले तरीही कदाचित तीच बरी. ड्रायव्हरशिवाय मिळाली तर माझी तक्रार बरीचशी गळून पडते, फक्त घाटात ती चालवायची छाती हवी. एप्रिलनंतर निघणार असाल तर ईकोचं नाव काढू नका, दिवसभर तापलेला पत्रा रात्री अकरापर्यंत निवत नाही. आम्ही उत्तम शुक्रवाराच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आधी घरी आलो ते त्यासाठीच. पण जोडीने निघताय, दोघांचेही सांधे शाबूत आहेत आणि हातात दोन-तीन महिने आहेत, तर माझं मन ईकोकडे झुकतं. फक्त डाळीचा डबा वर ठेवा.

दादांचा नाताळला फोन येतो. यंदा त्यांनी विचारलं, “साहब, फिर कब निकलना है?” मी हवापाण्याचं काहीतरी बोललो आणि फोन बायकोकडे दिला.