नवा समुद्री मासा खात नाही: जिवंत खाद्य द्यावं की फ्रोझन?

नवा मासा कोपऱ्यात दडून बसला असेल, तर पेलेट (सुकं गोळीखाद्य) तूर्त बाजूला ठेवा. समुद्रातून पकडलेल्या बऱ्याच माशांना ते खाद्य आहे हेच कळत नाही. खरी निवड जिवंत ब्राइन श्रिंप आणि फ्रोझन मायसिस यांच्यात आहे; दोन्ही कोळंबीसारखे इवलेसे जीव.

ब्राइन श्रिंपची सगळी जादू हालचालीत. आधी माशाचे डोळे त्या वळवळीमागे फिरू लागतात, मग तो पुढे येतो, एक टिपतो, थुंकतो, पुन्हा टिपतो. थुंकलं म्हणून हिरमुसू नका, चव घेणं चाललंय. पण पूर्ण वाढलेल्या ब्राइन श्रिंपमध्ये पाणीच जास्त. नुसत्या त्यावर ठेवलेला मासा रोज खातो आणि तरी खंगत जातो. देण्याआधी काही तास त्यांना फॅटी ॲसिडचं पूरक खाऊ घातलं तर थोडंफार भागतं.

मायसिस थोडं खाल्लं तरी अंगी लागतं. अडचण एकच, ते हलत नाही. टँकच्या पाण्यात वितळवून, गाळून, पिपेटने प्रवाहात सोडा. माशाच्या तोंडावर नको, जरा लांबून वाहत येऊ द्या. उरलेलं लगेच सायफनने काढा, नाहीतर लहान क्वारंटाइन टँकमध्ये (नव्या माशाला आधी वेगळं ठेवायची टाकी) विषारी अमोनिया झपाट्याने वाढतो. तरीही सुरुवात तिथेच करावी, कारण दांडगाई करणारं कुणी नसतं.

क्लाउनफिश, डॅम्सेल यांना थेट मायसिस द्या, जिवंत खाद्याचा खटाटोप नको. टँग या माशासाठी आधी क्लिपला नोरी (सुकवलेलं समुद्री शेवाळ) लावा. कॉपरबँड बटरफ्लायला मात्र जिवंतच. ताजी उघडलेली शिंपली ठेवली तर त्याहून बरं, फटीत चोच खुपसून खाणं हा त्याचा स्वभाव आहे. मँडरिन मासा दिवसभर कोपेपॉड (टँकमध्ये वाढणारे सूक्ष्म कवचधारी जीव) टिपत फिरणारा. बराच काळ चालून मुरलेल्या टँकमध्ये ते मुबलक नसतील तर तो घेऊच नये.

पोट भरलेलं दिसत असेल तर दोन-तीन दिवस मायसिसवर चिकाटी धरायला हरकत नाही. पोट खपाटीला गेलं असेल, तर थांबू नका, जिवंत खाद्य द्या. तो खायला लागला की त्यातच मायसिस मिसळत प्रमाण वाढवत न्या. लसणाच्या रसाचा सल्ला हमखास मिळतो, पण माझी त्यावर भिस्त नाही.

खाऊनही मासा वाळत असेल आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी असेल, तर पोटातल्या परजीवींचा संशय घ्या. तिथे खाद्य बदलून भागत नाही, औषधच लागतं.