आईच्या फोनवरची ‘यूव्ही’ काच

घरात कुणाकडे कडा वळलेल्या पडद्याचा मोठा फोन असेल आणि त्यावर काच, विशेषतः पातळ डिंकाने चिकटवून अतिनील (यूव्ही) दिव्याखाली घट्ट करतात ती ‘यूव्ही’ काच, बसवायची असेल, तर दुकानात जाण्याआधी हे वाचा. आईवडिलांचा फोन असेल तर नक्कीच वाचा.

दिवाळीत आम्ही भावंडांनी मिळून आईला ६.८ इंची फोन घेतला. अक्षरं मोठी दिसावीत, व्हिडिओ कॉलवर नातवंडं नीट दिसावीत, एवढ्यासाठीच. आई पुण्यात, मी ठाण्यात. शेजारच्या काकूंना घेऊन ती पेठेतल्या एका दुकानात स्क्रीन गार्ड लावायला गेली. “काकू, एवढा महागाचा फोन आणि त्याला शंभराची काच? यूव्ही लावा. ११डी आहे, ९एच आहे, हिऱ्याच्या खालोखाल मजबूत. लाइफटाइम वॉरंटी.” असं म्हणून दुकानदाराने एका सुट्या काचेवर किल्ली खसाखसा घासून दाखवली. एक ओरखडा नाही. आईने चौदाशे रुपये यूपीआयने दिले. बिल मागितलं, तर खोक्यातल्या वॉरंटी कार्डावर शिक्का मारून ते हातात ठेवलं.

त्या काउंटरवर जे सांगितलं आणि दाखवलं जातं, त्यातून काचेबद्दल काहीच कळत नाही. ९एच ही पेन्सिलीची श्रेणी आहे. चित्रकलेच्या पेन्सिली ९बीपासून ९एचपर्यंत असतात. त्यातल्या सर्वांत कडक पेन्सिलीने चरा पडला नाही की तो आवरणाचा कडकपणा ९एच. खनिजांचा कडकपणा मोजणारी मोहस श्रेणी वेगळी. तिच्यात हिरा १० वर आणि काच साधारण ६ च्या आसपास. दोन्हीकडचे आकडे एकाच दमात म्हटले की ९ म्हणजे १० च्या खालोखाल असं गिऱ्हाइकाला वाटतं, आणि वाटावं म्हणूनच ते म्हटले जातात. किल्लीचं म्हणाल, तर तिचा धातू काचेपेक्षा मऊ असतो. तीच किल्ली फोनच्या उघड्या पडद्यावर घासली असती तरी बहुधा चरा पडला नसता. काचेवर चरे पाडते ती खिशातली वाळू, कारण तिच्यातलं क्वार्ट्झ ७ वर आहे. वाळू घासून दाखवणारा दुकानदार मला अजून भेटलेला नाही. आणि ‘डी’? २.५डी म्हणजे काचेची कड गोलसर केलेली, एवढं ठीक आहे. ११डी, २१डी हे कुठल्याही मोजमापात नाही, ते फक्त खोक्यावर आहे.

पण पैसे गेले ही यातली लहान गोष्ट.

काही दिवसांनी फोनवर आई सारखी “मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही” म्हणू लागली. मग ती फोनच टाळू लागली. तिने कुणाला न सांगता ठरवून टाकलं होतं की आपले कान गेले. मी तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत ऐकणं व्यवस्थित निघालं. तेव्हा कुठे मी तिचा फोन स्वतःच्या कानाला लावून पाहिला, तर समोरचा माणूस विहिरीतून बोलतोय असा आवाज. सर्व्हिस सेंटरमध्ये त्यांनी भिंगाखाली दाखवलं: कानाजवळच्या स्पीकरच्या जाळीत डिंक जाऊन घट्ट झाला होता. आवाजाचं बटणही त्याच डिंकाने जड झालं होतं. बाहेरचा पदार्थ आत गेलेला, म्हणून कंपनीची वॉरंटी लागू नाही.

वळलेल्या कडांवर सपाट काच टेकत नाही, म्हणून यूव्ही काचेखाली पातळ डिंक ओततात आणि अतिनील दिव्याखाली तो घट्ट करतात. जाळ्या, बटणं, चार्जिंगची जागा आधी नीट झाकून, सावकाश केलं तर काच चांगली बसते, हेही खरं. पण गर्दीच्या काउंटरवर दहा मिनिटांत काम उरकायचं असतं आणि डिंक वाट मिळेल तिकडे जातो. हे फोन बनवणाऱ्यांनाही माहीत आहे. शाओमीने २०२४ मध्ये अशा काचांपासून सावध राहा असं ग्राहकांना जाहीरपणे सांगितलं होतं. आईला मात्र दुकानात यातलं एक अक्षर सांगितलं गेलं नाही, आणि माझा राग त्यावर आहे.

दुकानदाराचं उत्तर: “काच बदलून देतो, फोनची जबाबदारी आमची नाही. बिल नाही मिळणार.” ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं, दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा आहेत; माल परत घेण्याची मुदत बिलावर नसेल तर ३० दिवस धरले जातात. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. यूपीआयची नोंद आणि शिक्का मारलेलं कार्ड पुरावा म्हणून जोडलं. तक्रारीचा क्रमांक दाखवल्यावर काचेचे पैसे परत आले. स्पीकरचा खर्च आम्हीच केला.

आता आईच्या फोनवर टीपीयू या रबरासारख्या प्लास्टिकची लवचिक फिल्म आहे आणि कडा पडद्यापेक्षा किंचित वर येणारं कव्हर. वळलेल्या पडद्याला मी हेच सुचवेन. फिल्म आपटण्यापासून फारसं वाचवत नाही, ते काम कव्हरचं. पडदा सपाट असेल तर नेमक्या त्याच मॉडेलची, पूर्ण पृष्ठभागावर डिंक असलेली साधी टेम्पर्ड काच पुरते. फक्त कडेला डिंक असलेली काच मोठ्या पडद्यावर मधे अधांतरी राहते आणि स्पर्श चुकतो. “चालते हो, सगळ्याला बसते” असं कुणी म्हणालं तर तिथून निघा.

काही लावलं की दुकानातच कुणाला तरी फोन करा, कानाला लावून ऐका, सगळी बटणं दाबा, बोटाचा ठसा चालतो का पाहा. दुसऱ्या कुणाच्या बोटाने फोन उघडत नाही ना, तेही पाहा. २०१९ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस१० वर काही सिलिकॉनची आवरणं लावल्यावर कुणाच्याही बोटाने फोन उघडत होता, आणि कंपनीला सॉफ्टवेअर दुरुस्त करावं लागलं होतं. ज्या फोनवर बँक आहे, त्यावर हे तपासल्याशिवाय दुकानाबाहेर पाऊल टाकू नका.

ज्यांच्याकडे यूव्ही काच आधीच लागलेली आहे, त्यांनी ती घरी उचकटू नये. वळलेला पडदा कडेला जोर बसला की तडकतो, आणि डिंक काढायला नेलपॉलिश रिमूव्हर लावलात तर पडद्यावरचा बोटांचे डाग धरू न देणारा थर जातो. सर्व्हिस सेंटरमध्येच काढून घ्या. आणि घरातलं वयस्कर माणूस फोनवर ऐकू येत नाही म्हणत असेल, तर आधी त्यांचा फोन आपल्या कानाला लावा.