इन्स्क्रिप्ट कळफलक: चार वर्षांच्या रोजच्या लेखनानंतरचे मत

गेली सहा वर्षे मी द्राक्षशेतीविषयी मराठीत लिहीत आहे आणि त्यांपैकी अलीकडच्या चार वर्षांतले सगळे लेखन इन्स्क्रिप्ट कळफलकावर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या कळांच्या मांडणीवर, केले आहे. ही मांडणी विकत घ्यावी लागत नाही. विंडोज आणि लिनक्स या दोन्हींत ती आधीपासूनच असते, फक्त भाषांच्या यादीत जाऊन मराठी जोडावी लागते. माझा खर्च झाला तो कळांवर चिकटवायच्या अक्षरांचा. नाशिकला महात्मा गांधी रस्त्यावरच्या एका दुकानात ती १२० रुपयांना मिळाली. दोन महिन्यांत त्यांचे कोपरे सुटले, पण तोवर बोटांना जागा पाठ झाल्या होत्या.

मी का लिहिते हे सांगितल्याशिवाय या कळफलकाचे मोल सांगता येणार नाही. माझे माहेर निफाड तालुक्यातले, घरची द्राक्षबाग आहे. एप्रिलच्या खरड छाटणीत ओलांड्यावरची (वेलीच्या आडव्या फांदीवरची) काडी कुठे कापायची आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीत कितव्या डोळ्यावर (काडीवरच्या अंकुरावर) कात्री लावायची, हे घरातले वडीलधारे नाना काडी हातात धरून सांगतात आणि सांगताना त्यांच्या तोंडून जे शब्द येतात, ते कृषी विभागाच्या पुस्तिकांत असतातच असे नाही. नाना स्वतः लिहीत नाहीत. त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरावे, एवढ्यासाठी मी लिहायला बसले आणि आजही माझ्याजवळ दुसरे कारण नाही. रविवारी माहेरी जाऊन वहीत टिपणे काढायची आणि आठवडाभर रोज पहाटे पाच ते साडेसहा या वेळात, घर जागे होण्याआधी, गंगापूर रस्त्यावरच्या आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती विस्ताराने लिहायची, असा क्रम ठरून गेला आहे.

पहिली दोन वर्षे मी फोनवर रोमन अक्षरांत टंकून मराठी उमटवत असे. काडी, कडी आणि कढी हे तीनही शब्द मी घाईत जवळपास एकाच स्पेलिंगने टंकत असे आणि त्यांतला कोणता उमटवायचा हे यंत्र ठरवत असे. खरड छाटणीवरच्या एका लेखात चार ठिकाणी काडीची कढी झाली आणि ती चूक माझ्या नजरेतून निसटली. नानांनी तो लेख शेजाऱ्यांना वाचून दाखवला तेव्हा त्या शब्दापाशी ते थांबले. मला ते फार लागले, कारण ज्यांचे शब्द जपायचे म्हणून लिहीत होते, त्यांच्याच शब्दांची मोडतोड माझ्या हातून झाली होती. त्याहून मोठी अडचण अशी होती की, यंत्राला माहीत नसलेला शब्द आला की ते त्याच्या ओळखीचा शब्द पुढे करी आणि कंटाळून मीही कधीकधी तोच ठेवत असे.

इन्स्क्रिप्टमध्ये अशी मध्यस्थी नाही. क, काना, ड, दुसरी वेलांटी: चार कळा दाबल्या की काडी उमटते, दुसरे काही उमटूच शकत नाही. या मांडणीची रचना आपल्या वर्णमालेवर बेतलेली आहे. स्वर आणि त्यांची चिन्हे डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळेवर, ग आणि घ एकाच कळेवर, त्यांतला महाप्राण, म्हणजे ख आणि घ, शिफ्ट दाबून येतो. काना आणि आ यांचीही कळ एकच. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ च्या मानकात ही मांडणी समाविष्ट केली आणि क ची जागा गुजराती, बंगाली किंवा कन्नड लिपीतही तीच राहते. पहिल्या वेलांटीची मात्र सवय करावी लागते, कारण हाताने लिहिताना ती आपण बहुधा आधी काढतो आणि इथे अक्षर आधी, वेलांटी नंतर टंकावी लागते. मराठीला अत्यंत आवश्यक असलेला ऱ इथे र च्याच कळेवर, शिफ्टसह आहे, त्यामुळे आचार्यांना आणि आचाऱ्यांना हे दोन वेगळे शब्द न अडखळता लिहिता येतात. केवळ या एका सोयीसाठीही मी ही मांडणी शिकले असते.

उणिवा आहेत. सराव होईपर्यंतचे पहिले तीन आठवडे फार जड जातात. त्या काळात माझे दीड तासात जेमतेम एक पान होत असे आणि लेखनाची लय पूर्ण तुटली होती. माझ्या संगणकावर प्रश्नचिन्हासाठी दर वेळी इंग्रजी कळफलकावर जावे लागते. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक मानकात, २००८ साली आले, जुन्या मांडणीत त्याला जागाच नव्हती, म्हणून माझ्याकडे त्याऐवजी हिंदी वळणाचा ऍ उमटतो आणि तो मला नंतर बदलावा लागतो. फोनवर दोनचार ओळींचे निरोप लिहिणाऱ्याने एवढे कष्ट घ्यावेत असे मी म्हणणार नाही. पण ज्यांना रोज पानभर मराठी लिहायची आहे, त्यातही आपल्या गावाचे किंवा व्यवसायाचे शब्द जसेच्या तसे हवे आहेत, त्यांनी तीन आठवडे सोसून ही मांडणी जरूर शिकावी.

गेल्या रविवारी नानांनी फळछाटणीवरचा नवा लेख फोनवर संथपणे शेवटपर्यंत वाचला. शब्द सगळे जागच्या जागी होते. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली: "डोळा फुगला म्हणजे पोंगा नव्हे, तो त्याच्या पुढचा टप्पा." पोंगा म्हणजे डोळ्यातून बाहेर पडू लागलेला कोवळा कोंब. ही चूक माझ्या समजुतीची होती आणि त्याच संध्याकाळी ते वाक्य मी नव्याने लिहिले.